चौकटीबाहेरची झाडे

एखाद्या कलाकृतीवर तिच्या काळाने घेतलेला आक्षेप कधीकधी नंतरच्या प्रशंसेपेक्षा अधिक बोलका असतो. कामीय पिसारो (1830–1903) या दृक्प्रत्ययवादी चित्रकाराच्या 'गोठलेले दहिवर' (1873) या चित्राबाबत असेच घडले.

चित्रविषय साधा आहे. पॅरिसच्या वायव्येस पाँत्वाझजवळचा, एनेरी गावाकडे जाणारा जुना रस्ता. नांगरलेल्या शेतातील तिरपे तास. त्यांवर पांढुरके दहिवर. आणि पाठीवर सरपणाची मोळी घेऊन चाललेला एक म्हातारा. शेतावरून लांबट, निळसर सावल्या गेल्या आहेत. ज्या झाडांच्या त्या सावल्या, ती झाडे मात्र चित्रात नाहीत.

1874 च्या एप्रिल-मे महिन्यांत, छायाचित्रकार नादार यांच्या पूर्वीच्या स्टुडिओत भरलेल्या पहिल्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात हे चित्र मांडले गेले. 'ल शारिवारी' या विनोदी पत्रातील काल्पनिक संवादात लुई लरवा यांनी शेतातल्या तासांना रंगपाटीवरचे खरवडलेले रंग ठरवले. ही टिंगल रंगलेपनापुरती होती. ज्यूल कास्तान्यारी यांचा आक्षेप अधिक मूलगामी होता. ते या चित्रकारांचे विरोधक नव्हते. कूर्बेच्या वास्तववादाचाही त्यांनी पुरस्कार केला होता. तरीही चौकटीबाहेरच्या झाडांच्या सावल्या रंगवणे त्यांना गंभीर चूक वाटली.

या आक्षेपामागे एक गृहीतक आहे: कलाकृती स्वयंपूर्ण असावी आणि तिच्यातील प्रत्येक परिणामाचे कारण तिच्यातच सापडावे. साहित्यसमीक्षेतील एकात्मतेची अपेक्षा याच कुळातली. पिसारोचे चित्र ती अपेक्षा नाकारते. पाहणारा चित्रापुढे उभा राहत नाही. न दिसणारी झाडे जणू त्याच्याच आसपास असतात आणि तो त्या शेताच्या कडेला येऊन पोचतो.

मोळीवाल्या म्हाताऱ्याचे महत्त्व याच संदर्भात कळते. झां-फ्रांस्वा मिये यांच्या 'मृत्यू आणि लाकूडतोड्या' या चित्रातही मोळी आहे. 1859 च्या सालाँच्या परीक्षकांनी ते नाकारले होते. त्या चित्रात थकलेल्या वृद्धाला मृत्यू मानेला धरून ओढतो. मोळी जीवनभाराचे रूपक होते. पिसारोच्या म्हाताऱ्याला भेटायला कोणी येत नाही. त्याच्या मोळीचा अर्थ सरपण एवढाच. त्याचे कष्ट उदात्त केलेले नाहीत, करुणही केलेले नाहीत. त्याच्या अंगावर आणि जमिनीवर पडणारा प्रकाश एकच आहे.

यात एक उणीवही संभवते. ज्याला प्रतीक केले जात नाही, तो निसर्गदृश्याचा एक ठिपका होऊन जाण्याचा धोका असतो. शेत कोणाचे आणि सरपण कोणासाठी, हे प्रश्न प्रकाशात विरघळतात. परंतु त्या सावल्याच या धोक्याची जाणीवही देतात. दिसते तेवढेच गाव नव्हे, याची कबुली चित्राने स्वतःच्या पृष्ठभागावर दिली आहे. कास्तान्यारींनी पाहिले ते अचूक पाहिले. त्याला नाव मात्र चुकीचे दिले.