महालांतील सुईण, डफरिन फंड व मातृसेवा संघ

नागपूरच्या महाल भागाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें, तें बहुतेक भोसल्यांच्या राजवाड्याविषयीं. इ. स. १८५३ त तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, पुढल्याच वर्षीं राज्य खालसा झालें आणि इ. स. १८६४ मध्यें वाडाहि जळाला. त्यांतून जे राजकारणाचे कागद वांचले, ते आपण जपले. परंतु याच वस्तींत घरोघर बाळंतपणें करीत हिंडणाऱ्या सुईणीचा कागद कोणीं जपला काय?

शुश्रूषेची आधुनिक विद्या येथें परदेशांतून आली, हें निर्विवाद आहे. इ. स. १८८५ मध्यें व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन हिनें जो फंड काढला, त्याचे हेतु तीन होते: स्त्रियांस वैद्यक शिकविणें, स्त्रियांस उपचार पुरविणें, आणि शिकलेल्या परिचारिका व सुईणी तयार करणें. पहिल्या दोहोंचा गाजावाजा पुष्कळ झाला. तिसरा मात्र मागें पडला, असें आम्हांस वाटतें, कारण इ. स. १९०३ मध्यें लेडी कर्झन हिला परंपरागत दायांच्या शिक्षणासाठीं व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ निराळा निधि उभारावा लागला. सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत जिला प्रवेश होता ती शिकलेली नव्हती, व जी शिकलेली होती तिला आंत थारा मिळणें कठीण, अशी ही कोंडी होती.

नागपुरांत ती फोडण्यास पुढें आली ती तरुणपणींच वैधव्य आलेली एक स्त्री. कमलाबाई होस्पेट (१८९६–१९८१) ह्यांनीं येथील डफरिन इस्पितळांत सुईणपणाचें शिक्षण घेतलें, आणि इ. स. १९२१ मध्यें वेणूताई नेने ह्यांच्यासह मातृसेवा संघ काढला. आरंभीं खाटा अवघ्या चार होत्या. कालांतरानें संघाची शाखा महालांतहि निघाली. इ. स. १९६१ त कमलाबाईंस पद्मश्री मिळाली. हा उद्योग परकी देणगी कीं स्वदेशी, असा वाद घालणारांचीं दोन्हीं म्हणणीं आम्हांस अपुरीं वाटतात. विद्या विलायतेची खरी. पण बाळंतिणीच्या सासूची समजूत घालणारी भाषा विलायतेहून येत नाहीं.

पुढें इ. स. १९४६ त भोर समितीचा अहवाल निघाला. समितीस सल्ला देण्यास अमेरिकेंतून हेन्री सिगरिस्ट, इंग्लंडांतून जॉन रायल व जॅनेट व्हॉन हे आले होते. हिंदुस्थानांत ४३,००० लोकांमागें एक परिचारिका आणि इंग्लंडांत ३०० मागें एक, असें अंतर अहवालानें दाखविलें. इ. स. १९७८ मध्यें आल्मा-आटा येथील जागतिक जाहीरनाम्यानें तर प्राथमिक आरोग्यसेवेच्या सेवकवर्गांत परिचारिका व सुईणी ह्यांच्याबरोबर, गरजेप्रमाणें, परंपरागत उपचार करणारांसहि स्थान दिलें. लेडी कर्झनच्या निधीपासून हें घडण्यास पाऊणशें वर्षें लागलीं.

हा सर्व वृत्तांत देणगी देणारांच्या अहवालांवरून जुळतो. दुसरी बाजू रिकामी राहते. जुन्या वाड्यांतील जमाखर्चाच्या मोडी वह्या आपण सनदा व वतनें शोधण्यासाठीं चाळतों, आणि बारशाचा खर्च आला कीं पान उलटतों. सुईणीस दिलेलें लुगडें, खण, धान्य वा रोकड ह्यांची नोंद असलीच तर ती तेथेंच असावयाची. ज्यांच्या संग्रहीं महालांतील घराण्यांच्या अशा वह्या असतील, त्यांनीं तेवढ्या ओळी तिथि व नांवानिशीं उतरून घ्याव्या. प्रसूतिगृहांच्या जुन्या नोंदवह्याहि रद्दींत जाण्यापूर्वीं मिळवाव्या. मात्र त्यांतील बाळंतिणींचीं नांवें छापूं नयेत.