थांबून राहणारा प्रोग्राम : एक कुळकथा

पानिपतजवळच्या काला अंबला दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं जातात, स्मारकापुढे माथा टेकतात, आणि परतताना गाडीत हमखास वाद रंगतो : पानिपतच्या लढाईत मराठी फौजेचा गोल मोडला कुणी? इब्राहिमखान गारद्याची पलटण कवायती होती. रांग धरून उभं राहायचं, हुकूम आला की बार काढायचा. तिच्या बाजूला विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार. त्यांची हयात घोड्यावर गेलेली. रोहिले अंगावर येताना नुसतं उभं राहणं त्यांना सोसलं नाही. ते गोल सोडून धावले आणि गारद्यांच्याच माऱ्याच्या आड आले, असं इतिहासकार सांगतात.

डेस्कटॉप ॲप्लिकेशन शिकायला बसलेला मुरलेला प्रोग्रामर पाहिला की मला हे स्वार आठवतात. दहा-बारा वर्षं सर्व्हरवरचा कोड किंवा डेटाची स्क्रिप्ट लिहिलेला माणूस. त्याची सवय अशी : पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आपण धावायचं, काम उरकायचं, बाहेर पडायचं. खिडकीवाल्या प्रोग्रामला हे चालत नाही. तो दिवसभर उघडा असतो आणि त्यातला बहुतेक वेळ काहीच करत नाही. कुणी बटण दाबलं, खिडकी सरकवली, कळ दाबली, की तेवढ्यापुरतं हलायचं आणि पुन्हा उभं राहायचं. या उभं राहण्याला इव्हेंट लूप म्हणतात.

सुरुवातीच्या यंत्रांना हे ठाऊक नव्हतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक कामाला लागला. त्याला आलेख आणि अक्षरं दाखवणारा पडदाही होता, पण तो निव्वळ दाखवायचा. पडद्यापुढचा माणूस मध्येच काही म्हणेल, ही सोयच नव्हती. ती अमेरिकेत १९६३ साली आयव्हन सदरलंडच्या स्केचपॅडने दाखवली : प्रकाशलेखणी पडद्याला टेकवायची आणि रेघ ओढायची. आता पुढची पायरी कोणती, हे प्रोग्राम नव्हे तर हात ठरवू लागला. ९ डिसेंबर १९६८ ला डग्लस एंगेलबार्टने माऊस जाहीरपणे फिरवून दाखवला. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात १९७३ चा आल्टो संगणक आणि त्यावरची स्मॉलटॉक भाषा यांतून खिडक्यांचा संसार उभा राहिला. तिथेच १९७८-७९ च्या सुमारास ट्रिग्वे रीन्स्काऊग या नॉर्वेच्या पाहुण्याने मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी वाटणी सुचवली. वेबवाले ती आज आपलीच समजून वापरतात. जन्म तिचा खिडक्यांच्या घरातला.

१९८४ च्या मॅकिंटॉशवर हा लूप प्रोग्रामरला स्वतः लिहावा लागे. ‘पुढचं काय घडलंय?’ असं यंत्राला पुन्हा पुन्हा विचारायचं. १९८५ च्या विंडोजने एक पाऊल पुढे टाकलं. गेटमेसेज, डिस्पॅचमेसेज एवढं तुम्ही लिहा; तुमचं खरं फंक्शन मात्र विंडोज बोलावणार, तिला वाटेल तेव्हा. चार्ल्स पेट्झोल्डच्या १९८८ च्या पुस्तकात एक साधं ‘हॅलो’ दाखवायला पानभराहून जास्त कोड लागला, त्याची थट्टाही झाली. मला ती थट्टा पटत नाही. त्या पानात लगाम कुणाच्या हाती आहे ते उघड दिसत होतं.

मग १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आलं आणि ते पान झाकलं गेलं. बटणावर डबल क्लिक करा, रिकाम्या जागेत कोड भरा. पुण्या-मुंबईच्या क्लासांतून पिढीच्या पिढी यावर तयार झाली. दुकानांची बिलं, पतपेढ्यांची खाती त्यावर चालली. लूप दिसेनासा झाला म्हणजे गेला नव्हता. बटणाच्या कोडमध्ये कुणी लांबलचक क्वेरी टाकली की खिडकी पांढरीफटक पडायची आणि काउंटरवरून हाक यायची, ‘हँग झाला!’ जुन्या १६ बिटी विंडोजमध्ये तर एकाने अडवलं की सगळेच अडकत, कारण प्रत्येकाने आपणहून वाट सोडायची असा तो कारभार होता. पुढे विंडोजने नियमच घातला : पाच सेकंद निरोप उचलला नाही, तर खिडकीच्या डोक्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’.

इथेच अनुभवी माणूस दुसऱ्यांदा फसतो. काम वेगळ्या थ्रेडवर टाकायचं त्याला लगेच सुचतं, पण तिथूनच तो पडद्यावरचा मजकूर बदलू पाहतो. विंडोजचं डॉटनेट असो, जावाचं स्विंग असो वा क्यूट, पडद्याला हात फक्त लूप चालवणाऱ्या थ्रेडने लावायचा. बाकीच्यांनी त्याच्याकडे निरोप ठेवायचा. २०१२ साली सी-शार्पमध्ये असिंक-अवेट आलं आणि हा निरोप्या कोडमधून जवळजवळ अदृश्य झाला. सोय मोठी आहे, पण लूप माहीत नसलेल्याला ती जादू वाटते, आणि जादू बिघडली की दुरुस्त करता येत नाही.

मराठीसाठी लिहिणाऱ्याला एक धडा जास्तीचा. ‘क्ष’ पडद्यावर एक अक्षर दिसतं. युनिकोडात ते क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे असतात. विंडोज २००० ने र. कृ. जोशींनी घडवलेल्या मंगल फॉन्टसह देवनागरी आणली, तेव्हापासून हे तुकडे जुळवायचं काम यंत्रणा करते. म्हणून प्रत्येक कळीच्या निरोपाला एक अक्षर मानणारा कोड इंग्रजीत बिनघोर चालतो आणि मराठीत कर्सर भलत्याच जागी नेऊन ठेवतो.

इलेक्ट्रॉन या फ्रेमवर्कवर बांधलेल्या आजच्या ॲपमध्येही जावास्क्रिप्टच्या पोटात हाच लूप फिरतो. शिकायचं असेल तर आधी एकदा फ्रेमवर्कशिवाय, हाताने लूप लिहून एक रिकामी खिडकी उघडावी. त्यात एक बटण, आणि बटणात मुद्दाम दहा सेकंदांची झोप. दाबा, आणि ती दहा सेकंद खिडकी माऊसने सरकवायचा प्रयत्न करा.