गाड्यावर नाव

कयाकचा इतिहास सांगणारे पाण्यापासून सुरुवात करतात: सील, भाला, वल्हं, लाटा. मी जमिनीपासून करणार आहे. मिशिगनमध्ये ह्यूरॉन नदीच्या जवळ राहते, उन्हाळाभर पिकअपच्या हौद्यात कयाक चढवते, उतरवते. हे करता करता माझी खात्री झाली आहे की कयाक किती लांब, किती जड आणि कशाची असावी, हे नदीइतकंच तिला नदीपर्यंत नेणाऱ्या वाहनानेही ठरवलं आहे.

पहिलं वाहन म्हणजे माणूस. ग्रीनलंडमध्ये होडीजोगं लाकूड देणारी झाडं नाहीत. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा, तो वाद्यांनी बांधायचा आणि वर सीलचं कातडं शिवायचं. हे कातडं सतत ओलं राहिलं की कुजतं, म्हणून होडी पाण्याबाहेर काढून सुकवावी लागे. ज्या होडीला रोजच उचलायचं, ती एकट्याला उचलता यायलाच हवी. पाचेक मीटर लांबीची कयाक शिकारी डोक्यावर घेऊन खडक चढून जाई.

माझं बालपण मालवणचं. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, होडी वाळूवरून हलवायची तर खाली ओंडके टाकायचे आणि वाड्यातली माणसं हाका मारून जमवायची. एकट्याने होडी उचलणं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण रापण हे मुळात अनेकांचं काम, आणि सीलची शिकार एकट्याची. दोन्ही होड्या आपापल्या कामाला जागल्या.

बर्फावर मात खांदा पुरत नाही. अलास्काच्या युपिक लोकांकडे कयाकसाठी वेगळी छोटी घसरगाडी असे. वसंतात बर्फ फुटू लागला की कयाक त्या गाडीवर घालून ओढायची. मध्ये मोकळं पाणी लागलं की गाडी उचलून कयाकच्या पाठीवर ठेवायची आणि वल्हवत पलीकडे जायचं. ‘कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा’ ही आपली म्हण नशिबाच्या फेऱ्यांविषयी आहे. तिथे तो रोजचा व्यवहार होता.

हीच युक्ती नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने जिवावर उदार होऊन वापरली. १४ मार्च १८९५ रोजी तो आणि यालमार योहान्सेन ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाले. बरोबर २८ कुत्रे, ३ घसरगाड्या आणि २ कयाक. बांबूचा सांगाडा, वर कॅनव्हास, लांबी जेमतेम पावणेचार मीटर. ग्रीनलंडच्या सडपातळ कयाकच्या मानाने या बुटक्या आणि रुंद. त्यांना शिकारीत चपळाई दाखवायची नव्हती. गाडीवर मावायचं होतं आणि पुढे समुद्र लागला की माणसासकट सगळं सामान पोटात घ्यायचं होतं. ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोहोचून दोघे दक्षिणेकडे वळले. वाटेत बर्फाच्या उंचवट्यांवर गाड्या आपटून कॅनव्हास फाटला होता. बर्फावरच्या प्रवासाने होड्यांचं असं नुकसान केलं की पाण्यात घालण्याआधी मुक्काम ठोकून दुरुस्ती करावी लागली. ऑगस्टमध्ये मोकळं पाणी आलं तेव्हा त्यांनी दोन्ही कयाक एकमेकींना बांधल्या आणि घसरगाड्या त्यांच्यावर आडव्या टाकल्या. पुढच्या जूनमध्ये ही जोडी किनाऱ्यावरून सुटून वाहू लागली. अन्न, बंदुका, सगळं तिच्यात. नान्सेनने गोठणाऱ्या पाण्यात उडी घालून ती पोहत गाठली.

यानंतर होडीला घडवलं ते आगगाडीने. १९०५ साली म्युनिकमध्ये आल्फ्रेड हॉयरिश या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने घडीची कयाक बनवून इसार नदीत घातली. दोन वर्षांनी तिचे हक्क रोझेनहाइमच्या योहान क्लेपरने घेतले. क्लेपर पेशाने शिंपी, आणि या होडीचं अर्धं काम शिवणकामाचंच होतं. आल्प्समधल्या नद्या रेल्वेच्या पल्ल्यात होत्या, पण मोटार फार थोड्यांकडे होती. होडी पिशव्यांत भरून डब्यात चढवायची, वरच्या गावात उतरून जोडायची, दिवसभर नदीने खाली यायचं, पुन्हा घडी करून घरची गाडी पकडायची. नदी उलट दिशेला वाहते, ही अडचणच तिकिटाच्या पैशात मिटली. ऑस्कर स्पेक हा बेकार जर्मन १९३२ मध्ये उल्म गावाहून अशीच कयाक घेऊन निघाला. डॅन्यूबवरून वार्डार नदीवर जाताना होडी आगगाडीने नेली, युफ्रेटिसपर्यंत बसने. आपल्या पश्चिम किनाऱ्याने वल्हवत तो १९३५ मध्ये सिलोनला पोहोचला आणि १९३९ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत. युद्ध नुकतंच सुरू झालं होतं. शत्रूदेशाचा नागरिक म्हणून त्याला पकडण्यात आलं.

घरोघरी मोटार आल्यावर घडीची गरज संपली. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासची ताठ, हलकी कयाक टपावर चढली. १९७३ च्या सुमारास अमेरिकेत साच्यात फिरवून ओतलेली प्लास्टिकची कयाक बाजारात आली. खडकावर आपटली तरी ती सहसा फुटत नाही. मात्र वजन वाढलं. टपापर्यंत हात उंचावून ती चढवणं एकटीला जड जाऊ लागलं आणि नजर कमरेच्या उंचीवरच्या हौद्याकडे वळली.

तो हौदा होड्यांसाठी नव्हताच. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे पोलादी हौदा बसवून २८१ डॉलरला विकायला काढली, ती शेतकरी आणि कारागिरांसाठी. त्याची लांबी ५६ इंच. पुढे बांधकामाच्या ८ फुटी प्लायवुडसाठी हौदा ८ फुटांचा झाला. मग पिकअप ही घरची गाडी बनली, मागे मुलांसाठी बाक आणि आणखी दोन दारं आली, आणि हौदा आक्रसला. माझ्या गाडीचा साडेपाच फूट आहे, कयाक १२ फुटांची. फाळका आडवा पाडला की दोनेक फूट मिळतात, तरी साडेचार फूट बाहेर राहते. अमेरिकेत चार फुटांहून जास्त माल मागे आला की लाल फडकं बांधणं बहुतेक ठिकाणी सक्तीचं आहे. बाहेर राहिलेला भाग पेलायला गाडीच्या मागच्या हुकाला इंग्रजी टी आकाराचा लोखंडी टेकू लावायचा. पट्टे हातानेच ओढायचे. दातेरी चक्राने आवळले तर उन्हात तापलेल्या प्लास्टिकला खड्डा पडतो. पट्ट्याला एक पीळ द्यायचा, नाहीतर हमरस्त्यावर तो वाऱ्याने घुमत राहतो.

पिकअपचा उपकार मी मानते. माणसं जमवल्याशिवाय मी नदीवर जाऊ शकते, ते तिच्यामुळे. पण गाडी ओझं वाहते म्हटल्यावर होडी बनवणाऱ्यांनी हात सैल सोडला. पायाने चालवायच्या, खुर्ची बसवलेल्या मासेमारीच्या कयाक आता पन्नास किलोंच्या पुढे जातात. त्या हौद्यातून उतरवायला चाकं लागतात, आणि चाकं चिखलात रुततात. आमच्या ह्यूरॉनवर ॲन आर्बरच्या आर्गो धरणापाशी पूर्वी होडी उचलून पलीकडे न्यावी लागे. २०१२ मध्ये तिथे पायऱ्यापायऱ्यांचा जलमार्ग झाला. वरच्या बार्टन धरणाला मात्र अजूनही उचलावीच लागते, आणि तिथे पिकअप उपयोगाची नाही. नवी कयाक घ्यायला निघालेले ओळखीचे लोक मला रंग आणि कंपनी विचारतात. मी त्यांना दुकानातली कयाक आधी एकट्याने उचलून पन्नास पावलं चालायला सांगते. जमलं तर घ्या. गाडी कोणती आहे, ते मग बघू.