मोटारीचा काटा खोटें कां बोलतो?



पोलादपूर सोडून महाबळेश्वराकडे जाणारा रस्ता आंबेनळी घाटांत शिरला म्हणजे वर पोंचेपर्यंत पेट्रोल मिळण्याची आशा नसे. १९७४ सालच्या आषाढांत, मी चौदा वर्षांचा असतांना, तापानें फणफणलेल्या आईस घेऊन आमचे मामा रात्रीं या घाटानें वाईच्या डॉक्टरांकडे निघाले होते. मोटार विलायती, १९५० च्या सुमाराची. अर्धा घाट चढून ती बंद पडली. टाकी कोरडी, काटा मात्र 'पूर्ण' या खुणेवर ताठ उभा! त्या काट्याची कुळकथा मीं पुढें पुष्कळ वर्षांनीं धुंडाळली, ती आज सांगतों.

आरंभीच्या मोटारींना असला काटाच नसे. १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या बहुतेक 'टी' गाड्यांचें पेट्रोल मोजावयाचें तर पुढची बैठक उचलून टाकींत काठी बुडवावी लागे. तिच्यामागून आलेल्या 'ए' गाडींत टाकी चालकासमोरच असल्यानें फ्लोटचें माप थेट दिसे. पुढें टाकी गाडीच्या मागच्या टोकास गेली आणि तेथील बातमी चालकापर्यंत आणण्यास वीज कामीं आली.

जुन्या विलायती गाड्यांत त्या काट्यामागें तारेचीं दोन वेटोळीं असत. एक काट्यास रित्या बाजूस ओढी, दुसरें भरल्या बाजूस. टाकींतील फ्लोट खालीं उतरला कीं त्याचा दांडा अवरोध-तारेवरून सरके, अवरोध घटे, आणि दुसऱ्या वेटोळ्याच्या वांट्याचा प्रवाह टाकीवाटे गाडीच्या लोखंडी अंगांत निघून जाई. या वाटेलाच मिस्त्री 'अर्थ' म्हणतात. टाकीचा अर्थ गंजानें तुटला कीं ती पळवाट बंद होते, सारा प्रवाह दुसऱ्या वेटोळ्यांतून वाहतो आणि रिती टाकी भरलेली भासते. मामांचा घात झाला तो असा.

१९६० च्या सुमारास विलायती गाड्यांत द्विधातूची पट्टी आली. पट्टीभोंवतालची तार प्रवाहानें तापते, पट्टी वांकते आणि काटा सावकाश चढतो. येथें अर्थ तुटतांच काटा टाकी रिती असल्याचें दाखवितो. मला हा बदल शहाणपणाचा वाटतो. उगीच भिवविणारा नोकर खोटा धीर देणाऱ्याहून बरा. बॅटरीचा दाब कमीजास्त होतो, म्हणून अशा गाड्यांत सरासरी दहा व्होल्टांचा दाब देणारी एक डबीही असे. पेट्रोल आणि उष्णता या दोहोंचे काटे एकदम फाजील चढले, तर आधीं त्या डबीचा अर्थ तपासावा. टाकीस हात लावूं नये.

एकटा पेट्रोलचाच काटा बिघडला, तर परीक्षा सोपी आहे. किल्ली बंद असतां फ्लोटवरची तार सोडवावी, मग किल्ली फिरवावी : जुना काटा 'पूर्ण'कडे जावा, नंतरच्या तऱ्हेचा 'रिता'कडे. पुन्हा किल्ली बंद करून तारेचें टोक गाडीच्या स्वच्छ धातूस बांधावें आणि क्षणभरच किल्ली फिरवावी. आतां दोहोंनीं उलट दिशेस वळावें. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पडूं नये, म्हणून हा किल्लीचा खटाटोप. काटे असे वळले तर काटा आणि तार दोन्ही निर्दोष. दोष फ्लोटांत किंवा त्याच्या अर्थांत.

महाडकरांस गंज परका नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं महापुरानें शहर बुडालें, तें अनेकांस आठवत असेल. पाणी ओसरतें, गाळ धुतला जातो; परंतु टाकीच्या स्क्रूखालीं राहिलेला ओलावा महिनोन्‌महिने आपलें काम करीत असतो.

त्या रात्रीं मागून आलेल्या एका जीपवाल्यानें आम्हांस डबाभर पेट्रोल दिलें. आई वाईस पोंचली, बरी झाली. परततांना पोलादपुरांतील एका मिस्त्रीनें टाकीजवळचा गंज कानशीनें खरवडला, हातभर तांब्याची तार टाकीपासून चासीपर्यंत बांधली आणि मामांस किल्ली फिरवावयास सांगितलें. काटा झटक्यानें अर्ध्यावर आला. मामांनीं मान डोलावली. पण त्या दिवसापासून गाडी विकेपर्यंत त्यांच्या बैठकीखालीं बांबूची एक काठी असे.