जुन्या मोटारसायकलींची मागची स्प्रिंगयोजना : दुरुस्ती, फेरफार आणि 'मूळ स्वरूपा'चा प्रश्न

यंत्रांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते. मोटारसायकलीच्या बाबतीत तर हा पक्षपात विशेषच जाणवतो. बुलेट, जावा, राजदूत या गाड्यांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतांशी त्यांच्या आवाजाविषयी, जोराविषयी आणि पेट्रोलच्या खर्चाविषयी असते. मागचे चाक सांगाड्याला ज्या आर्माने व स्प्रिंगांनी जोडलेले असते, त्यांच्याविषयी सहसा कोणी अवाक्षर काढीत नाही. वस्तुतः गाडीने कोणते ओझे वाहिले आणि कसला रस्ता तुडवला, याची साक्ष मिळते ती याच भागात. कारखान्यातून निघालेली स्प्रिंग एक असते आणि वीस वर्षांनी गाडीवर आढळणारी दुसरी असते. या दोहोंमधील अंतर म्हणजेच त्या गाडीच्या वापराचा इतिहास होय. जुन्या गाड्या 'मूळ स्वरूपात' आणण्याची जी चाल अलीकडे पडली आहे, तिच्यामुळे नेमका हाच पुरावा नाहीसा होत आहे, हे अभ्यासकांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास नव्या मुंबईतील खांदेश्वराचा परिसर सोयीचा आहे. खांदेश्वर महादेवाचे देऊळ आणि त्याच्या शेजारचा तलाव यांवरून ओळखली जाणारी ही वसाहत 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोच्या आखणीतून उभी राहिली. परंतु तिच्याभोवतीचे रस्ते तिच्याहून फार जुने आहेत. शीव-पनवेल मार्ग, पनवेलहून बोरघाटाकडे चढणारा जुना पुणे रस्ता आणि कोकणात उतरणारा गोव्याचा रस्ता हे तिन्ही येथून हाकेच्या अंतरावर आहेत. बोरघाटाचा गाडीरस्ता 1830 साली वाहतुकीस खुला झाला, आणि एकोणिसाव्या शतकात पनवेल गाव बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. त्या चाकाला स्प्रिंग नव्हती. धावेला बसलेला धक्का आऱ्यांतून तुंब्यात, तुंब्यातून आसात आणि आसातून साट्यावर बसलेल्या माणसाच्या मणक्यात सरळ पोहोचे. चाके घडविणाऱ्या सुतार-लोहारांच्या त्या धंद्यातूनच आजची गॅरेजे निघाली, असे म्हणण्यास आधार नाही, आणि असा मोहक वंशवृक्ष काढण्याचा मोह टाळलेलाच बरा. साम्य एवढेच की, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या गावाला दोन्ही काळांत मागच्या चाकाची दुरुस्ती करीत बसावे लागले.

आरंभीच्या मोटारसायकलींची स्थिती या बैलगाडीहून फारशी निराळी नव्हती. पुढच्या काट्याला स्प्रिंग लवकर आली. मागचे चाक मात्र पुष्कळ काळ सांगाड्यात घट्ट जखडलेले राहिले, आणि धक्का सोसण्याचे काम खोगिराखालच्या स्प्रिंगांवर सोपविण्यात आले. अमेरिकेतील 'इंडियन' कंपनीने 1913 साली मागे पाट्यांची स्प्रिंग बसवून पाहिली. 1928 साली इंग्लंडात फिलिप व्हिन्सेंट याने, आणि त्याच वर्षी इटलीत 'मोटो गुझी' कंपनीने, मागचे चाक झुलते ठेवणारी रचना पुढे आणली. शर्यतीच्या मंडळींना मात्र हे सारे लाड वाटत. झुलते चाक गाडीला डळमळीत करते, हा त्यांचा आक्षेप होता, आणि जे सांधे त्या काळी मिळत ते पाहता तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. 1935 साली आयल ऑफ मॅन बेटावरील सीनियर टी. टी. शर्यत स्टॅन्ली वुड्स याने मागे स्प्रिंग असलेल्या गुझीवर, ताठ सांगाड्याच्या नॉर्टनविरुद्ध, अवघ्या 4 सेकंदांनी जिंकली. पुढच्याच वर्षी नॉर्टननेही आपल्या शर्यतीच्या गाड्यांना मागे स्प्रिंग दिली. मतपरिवर्तनास 4 सेकंद पुरतात, असे क्वचितच घडते.

यानंतरची वाट सरळ मात्र नव्हती. 1938 साली बी. एम. डब्ल्यू.ने, आणि 1946 साली चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीने, आसाच्या दोन्ही टोकांना उभ्या नळीतील स्प्रिंग देण्याची पद्धत स्वीकारली. जावाच्या त्या गाडीला लोकांनी 'पेराक' म्हणजे 'स्प्रिंगवाला' असे नाव दिले. युद्धकाळात प्राग शहरात पायांना स्प्रिंगा लावून उड्या मारणाऱ्या एका कल्पित पुरुषाच्या आख्यायिका पसरल्या होत्या, त्याचे हे नाव. या पद्धतीत चाक थोडेच हालते, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा सारख्या दबल्या नाहीत तर ते तिरपे होते, आणि साखळीचा ताण सतत बदलत राहतो. ट्रायंफ कंपनीने तर स्प्रिंगा चाकाच्या तुंब्यातच कोंडल्या. दबलेली स्प्रिंग उसळून इजा होण्याच्या भीतीने तो तुंबा उघडणे हे जोखमीचे काम समजले जाई. शेवटी टिकली ती आडव्या आर्माची पद्धत: पुढे एका खिळीवर फिरणारा आर्म, त्याच्या मागच्या टोकाला चाक, आणि दोन्ही बाजूंस स्प्रिंग व तेल यांचे धक्काशोषक. आयर्लंडमधील रेक्स मॅक्कँडलेस याने एका सित्रोएन मोटारीचे धक्काशोषक काढून मोटारसायकलीस बसविले. पुढे ताठ सांगाड्याच्या जुन्या गाड्यांना मागून जोडता येईल असा त्याचा संच फेरिडॅक्स या व्यापारी पेढीमार्फत विकला गेला, आणि त्याच्याच सांगाड्यावर नॉर्टनने 1950 साली टी. टी.मध्ये सीनियर व ज्युनियर या दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक मिळविले. जुन्या गाडीत फेरफार करणारा कारागीर येथे कारखान्याच्या पुढे होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भारतात आलेल्या युद्धकालीन बी. एस. ए. एम-20 व नॉर्टन 16-एच या लष्करी गाड्या मागून ताठच होत्या. झुलत्या आर्माची गाडी आपल्याकडे रुजली ती बुलेटच्या रूपाने. 1948 साली इंग्लंडात पुढे आलेली ही गाडी त्याच वर्षी सान रेमो येथील सहा दिवसांच्या कसोटीत उतरली होती. मद्रासला 1955 साली एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि तेथून ती देशभर पसरली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1961 पासून जी 250 सी. सी.ची गाडी काढली ती चेक जावाच्या 1954 च्या आराखड्यावरील होती, म्हणजे तिच्यातही पेराकच्या नळ्या जाऊन झुलता आर्म आला होता. पोलंडच्या एस. एच. एल. गाडीवरून घेतलेली एस्कॉर्ट्सची राजदूतही त्याच दशकाच्या आरंभीची. या तिन्ही गाड्यांचे धक्काशोषक आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चालक आणि त्याच्यामागे एक स्वार एवढेच ओझे होते.

प्रत्यक्षात काय लादले गेले, हे दूधवाल्याच्या गाडीवरून दिसते. दुधाचा प्रचलित मोठा कॅन 40 लिटरांचा. असे चार भरलेले कॅन मागच्या आसाच्या दोन्ही अंगांस टांगले की केवळ दुधाचेच ओझे 160 किलोग्रॅमच्या वर जाते. हे जवळजवळ बुलेटच्या स्वतःच्या वजनाइतके झाले. त्यात चालकाचे वजन मिळवावे, आणि तेही पुढच्या चाकाकडे सरकलेले नसून बव्हंशी मागच्या चाकावर पडते हे विसरू नये. अशा गाडीची मूळ स्प्रिंग उभ्या जागीच पूर्ण दबते. नंतरचा प्रत्येक खड्डा लोखंडाने लोखंडावर घेतलेला असतो.

गॅरेजवाल्याने यावर जे उपाय काढले त्यांचा हिशोब पाहण्यासारखा आहे. गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. म्हणून 8 मिलिमीटर तारेऐवजी 9 मिलिमीटर तारेची, तेवढ्याच वेढ्यांची व तेवढ्याच रुंदीची स्प्रिंग बसविली की ती सुमारे 60 टक्के अधिक कडक होते. डोळ्याला मात्र दोहोंत फारसा फरक दिसत नाही. दुसरा उपाय स्प्रिंगच्या आत आणखी एक स्प्रिंग घालण्याचा. तिसरा सांगाड्याला वेल्डिंगने नवे कान जोडून धक्काशोषकाची बैठक हलविण्याचा. आर्मावरील खालची बैठक खिळीच्या जितकी जवळ न्यावी तितका चाकाला मिळणारा आधार घटतो, आणि तोही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात: खिळीपासून आसापर्यंतच्या अंतराच्या दहांत नऊवर असलेली बैठक दहांत आठवर आणली तर आधार पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक कमी होतो. हे गणित कोणी मांडून दाखविले नसेल. पण बैठक मागे, आसाकडे नेली की गाडी 'बसत नाही', हे हाताला ठाऊक होते. पुण्याच्या बजाज कंपनीच्या सी. टी. 100 या गाडीत स्प्रिंगच्या आत स्प्रिंग हीच युक्ती पुढे कारखान्यातून बसून आली. ती गॅरेजातून उचलली असे म्हणता येत नाही, परंतु दोघांपुढचे ओझे सारखेच होते.

येथे एका शब्दाची दखल घ्यावी लागते. गॅरेजात धक्काशोषकाला 'शॉकअप' म्हणतात. या एका शब्दात दोन भिन्न वस्तू सामावल्या आहेत: धक्का साठवणारी स्प्रिंग आणि साठवलेली उसळी तेलात जिरविणारा शामक. स्प्रिंग कडक केली की साठा वाढतो. शामक तेवढाच राहिला तर ती उसळी चालकाकडेच परत येते. भरलेल्या कॅनांसह ठीक चालणारी गाडी रिकामी परतताना मागून उडते ती यामुळे. कडक स्प्रिंग सहज मिळे, शामकाचे काम मात्र कष्टाचे असे. तेलाचे सील गळू लागले की जुन्या, उघडता येणाऱ्या नळीत ते बदलता येई, परंतु पुढे कारखान्यातूनच कायमच्या बंद केलेल्या नळ्या आल्या. त्या फेकून देण्यासाठी होत्या. आपल्या कारागिरांनी त्या कापून, आतील सील व तेल बदलून पुन्हा वेल्ड केल्या. या उद्योगाला जुगाड म्हणून हसण्याची जी रीत पडली आहे ती उथळ आहे.

अर्थात सारेच फेरफार शहाणपणाचे होते असे नाही. गाडी खाली बसवावी म्हणून स्प्रिंगचे वेढे कापले जातात. बारांपैकी दोन वेढे कापले तर स्प्रिंग 20 टक्के कडक होते आणि तिची दबण्याची जागाही घटते. कोणी स्प्रिंगला आच देऊन बसवितात आणि तिचे पाणी उतरवितात. लांब शॉकअप घालून मागची बाजू उंच केली की पुढच्या काट्याचा कल बदलतो व वेगात हँडल चंचल होते. सर्वांत दुर्लक्षित राहतो तो आर्माच्या खिळीवरचा बुश. तो झिजला की मागचे चाक आडवे हालू लागते, आणि वळणावर गाडी आपल्याच विचाराने जाते. मालक त्याचे खापर टायरवर फोडतो. आर्म सरळ करण्यासाठी बुशाच्या घराजवळ दिलेली आच हे घरच वाकडे करून ठेवते. अशा दुरुस्तीने किती जीव धोक्यात घातले असतील याची मोजदाद कोठेही नाही.

इतिहासकाराची अडचण हीच आहे. या सगळ्या घडामोडींचा कागद उरत नाही. नोंदणीच्या पुस्तिकेत दोन चाकांमधील अंतर लिहिलेले असते, रिकाम्या गाडीचे वजन असते. स्प्रिंगचा कडकपणा तिच्यात कधीच नव्हता. आर्म लांबविला तर नोंदीशी विसंगती निर्माण होते. तार जाड केली तर होत नाही. पनवेलच्या परिवहन कार्यालयातील दप्तर कितीही चाळले तरी दूधवाल्याची गाडी आणि शिक्षकाची गाडी त्यात एकच दिसणार. फरक दिसतो तो लोखंडात. मागच्या कानाभोवती वेल्डिंगचे दोन-तीन थर, वरच्या बैठकीपाशी किंचित वाकलेली नळी, साखळीच्या झाकणावर आर्म आदळून पडलेला खळगा, खिळीचे एकाच बाजूने झिजलेले अंग, या खुणा एकत्र वाचल्या तर ओझे कोठे टांगले जाई, किती वेळा सांगाडा तुटला आणि सांधला गेला, याचा क्रम लावता येतो. जावाच्या गाडीत संपूर्ण साखळी झाकणारी पेटी व आर्माबरोबर हालणाऱ्या रबरी नळ्या होत्या. त्या काढून टाकलेल्या दिसल्या तर साखळी वारंवार ताणावी लागत होती, असा तर्क करता येतो, मात्र रबर मिळेनासे झाले एवढेच कारणही पुरेसे असू शकते. दोहोंतून निवड करण्यास बाकीच्या खुणा पाहाव्या लागतात.

कायद्याची दृष्टी याहून वेगळी आहे, आणि तिला कारण आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणेच लावला. सांगाड्यावर कोणीही, कोठेही कान वेल्ड करावेत, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. प्रश्न उभा राहतो तो जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनी. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेल्या वाहनास त्यांनी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देऊ केली. त्यासाठी 20,000 रुपये शुल्क व 'व्ही. ए.' ही अक्षरे ठरविली. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि त्याच्या चासीत, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशा वाहनाचा नित्याच्या कामासाठी वा व्यापारासाठी रस्त्यावर उपयोग करता येत नाही. म्हणजे जी गाडी काम करीत राहिली ती या व्याख्येबाहेर, आणि जी कोठारात झाकून ठेवली गेली ती आत.

म्हैसूरच्या पहिल्या जावा, आरंभीच्या राजदूत आणि मद्रासच्या पहिल्या पिढीच्या बुलेट या आता वयाने त्या मर्यादेत आल्या आहेत. त्यांना नव्याने सजविताना मागचे जोड-कान प्रथम ग्राइंडरने उडविले जातात, जागा कानशीने सपाट करून तिच्यावर लांबी व रंग चढतो, नऊ मिलिमीटरची स्प्रिंग जाऊन तिच्या जागी क्रोम केलेली नवी आठ मिलिमीटरची येते. काढलेली स्प्रिंग, तुटका बुश आणि ते कान भंगाराच्या पोत्यात पडतात. त्यांच्यावर चिठ्ठी बांधून कोणी ठेवीत नाही, आणि काढण्यापूर्वी मागच्या आर्माचे एखादे मोजमाप वा छायाचित्र घेण्याची पद्धत अद्याप पडलेली नाही.