औषधवाही अब्जांश कण
औषध कोशिकेच्या (पेशीच्या) आत पोहोचविणारे, सामान्यतः सु. १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जावा भाग) व्यासाचे कण. फॉस्फोलिपिडे पाण्यात फुगून बंदिस्त पुटिका बनवितात, असे ॲलेक बँगम या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६५ च्या सुमारास दाखविले. पुढे अशा पुटिकांचा औषधवाहक म्हणून उपयोग होऊ लागला.

संदेशक आरएनए एंझाइमांमुळे लवकर नाश पावतो व ऋणभारित असल्याने त्याला कोशिकापटल सहजी ओलांडता येत नाही. धनभारित लिपिड-कणाशी तो बांधला असता कोशिका त्या कणाला पटलाच्या घडीत वेढून आत घेते. मात्र घडीपासून बनलेल्या पुटिकेतून आरएनए कोशिकाद्रव्यात निसटला, तरच त्यापासून प्रथिन तयार होते. बराचसा आरएनए पुटिकेतच नष्ट होतो. या पद्धतीतील ही मुख्य अडचण होय.

पुण्याच्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने कोशिकेत स्वतःच्या प्रती काढणारा आरएनए धनभारित कणांच्या पृष्ठभागावर बसवून कोविड-१९ वरील लस तयार केली. आत निसटलेला अल्प आरएनए वाढत असल्याने वरील उणीव काही अंशी भरून निघते. ‘जेमकोव्हॅक-१९’ या लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीतील वापरासाठी परवानगी मिळाली. आरंभीच्या परदेशी आरएनए लशी गोठवून साठवाव्या लागत; हिला २° ते ८° से. तापमान पुरत असल्याने ती साध्या शीतकपाटात ठेवता येते. ग्रामीण आरोग्य केंद्रांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.