दुसऱ्या पसंतीचा आकडा

16 ऑगस्ट 1969, शनिवार. मुंबईत रीगल सिनेमाजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलच्या पायऱ्या तुम्ही चढताय. तुम्ही काँग्रेसचे आमदार आहात आणि आज तुम्हाला राष्ट्रपती निवडायचाय. दारात जो तो तुमच्याकडे बघून जरा जास्तच हसतोय.

हातात मतपत्रिका येते. नावं तब्बल 15! वय 35 पूर्ण, भारताचं नागरिकत्व, लोकसभेला उभं राहण्याची पात्रता आणि लाभाचं पद नको, एवढ्या अटी. त्यावर मतदारांपैकी एक सूचक आणि एक अनुमोदक मिळाला की अर्ज तयार. त्यामुळे हौसेगवसेही आलेत. (1974 मध्ये कायदा बदलेल, दहा सूचक, दहा अनुमोदक आणि 2,500 रुपये अनामत लागेल.)

खरी नावं तीनच. नीलम संजीव रेड्डी हे पक्षाचे अधिकृत उमेदवार. त्यांच्या अर्जावर खुद्द इंदिराबाईंची सही आहे आणि आता त्याच बाई पक्षादेश काढायला तयार नाहीत. सदसद्विवेकबुद्धीने मत द्या म्हणतात! व्ही. व्ही. गिरी उपराष्ट्रपतिपद सोडून अपक्ष उभे राहिलेत. आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचे. मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारा माणूस. त्यांच्या नावापाशी तुमचं पेन थबकतं. थबकणारच.

साहेबांनी, म्हणजे यशवंतरावांनी, बंगळूरच्या बैठकीत रेड्डींच्या पारड्यात वजन टाकलं होतं. पण त्यानंतर बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि गावोगाव हवा फिरली. त्यात पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ-स्वतंत्रच्या पुढाऱ्यांना भेटले. कशासाठी? तुमची पहिली पसंती देशमुखांना द्या, दुसरी तेवढी आमच्या रेड्डींना द्या, यासाठी. बाईंना हवं ते निमित्त आयतंच मिळालं.

एकाच्या नावापुढे तुम्ही 1 लिहिता. ते कोणाचं, हे इथे कोणी विचारू शकत नाही. तुमच्या मताचं मूल्य 146: राज्याची लोकसंख्या भागिले 270 आमदार, भागिले हजार. खासदाराचं 576. दुसरी पसंती ऐच्छिक असते, पण यंदा निकाल तीच लावणार आहे.

मतपेट्या दिल्लीला जातात. 20 तारखेला मोजणी. पहिल्या पसंतीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548, देशमुखांना 1,12,769. जिंकायला 4,18,169 लागतात. कोणीच पोचत नाही. तळाचे उमेदवार गळत जातात, शेवटी देशमुखही. आता त्यांच्या पत्रिका उलगडतात आणि रेड्डी झपाट्याने वर चढतात. निजलिंगप्पांचा हिशेब तसा चुकलेला नव्हता, अपुरा पडला. रेड्डी 4,05,427 वर थांबतात, गिरी 4,20,077 वर.

फरक 14,650. गिरींचे 13 खासदार रेड्डींकडे सरकले असते, तर राष्ट्रपती दुसराच झाला असता.

मतदान गुप्त असतं, हे तुम्हाला माहीत आहे. ट्रंक कॉल लावून बसलेल्या जिल्हाध्यक्षांनाही माहीत आहे. "काय आमदार," ते विचारतात, "तुमची बुद्धी काय म्हणाली?"